घट कुणाच्या नावावर?

संपादक दोस्ता, ह्या अंकाला तू कविता मागितली होतीस. कविता नाही. हिशेब पाठवतोय. मॅट्रिकला गणितात मला पस्तीस मार्क होते, तरी हा हिशेब मला येतो. गोदीत माल उचलणाऱ्याला वजन कळतं. पेटीत काय आहे ते खांदा आधी सांगतो, चिठ्ठी नंतर.

गेल्या महिन्यात चार पाळ्या बुडवून गावी गेलो. करकंब, तालुका पंढरपूर, जिल्हा सोलापूर. टेंभुर्णीला उतरलं की पुढं ऊसच ऊस. १९८० साली उजनी धरण पुरं झालं, कालवे आले, रानं हिरवी झाली. ज्याचं रान त्याचं हिरवं. आमच्या वाट्याला आलं ते दुसऱ्याच्या उसाला दारं धरणं. म्हणून आम्ही मुंबईला. आधी अक्का, मागनं मी.

अक्का दाराशी बसली होती. "आलास व्हय रं," म्हणाली आणि पाण्याचा तांब्या पुढं केला. तांब्या हातातनं सुटून पडला. मनगट उचलतच नव्हतं. आय म्हणाली, "कुणीतरी करणी केलीया पोरीवर." मी हसलो नाही. करणी झालीय हे खरंच आहे. कुणी केलीय ते सांगायला बसलोय.

अक्का मुंबईत नऊ वर्षं इमिटेशनचे दागिने करत होती. मालाडच्या बाजूला हा धंदा मोठा. लग्नसराईत तुमच्या-आमच्या घरातल्या बाया जे हार, पाटल्या, पैंजण घालून फोटो काढतात ते कुठल्या कारखान्यात होत नाहीत, दोस्तांनो. ते दहा बाय बाराच्या खोलीत होतात. एजंट सकाळी पितळेचे तुकडे, कड्या, फासे पिशवीतनं आणून टाकतो. बाई ते जुळवते, झाळते. एका कोपऱ्यात भाकरीचा तवा, दुसऱ्या कोपऱ्यात गॅसची फुंकणी. मधे पोरं. दार अर्धं लावलेलं, कारण वारा आला की जाळ हलतो. जी परात दुपारी पिठाला तीच रात्री दागिन्याला. नगावर पैसे. बारा तास मान खाली घातली की किती सुटतात ते लिहीत नाही, लाज वाटते. माझी नाही, देणाऱ्याची.

आता हिशेब ऐका. शेठ झाळेची तार वजनावर देतो. ग्रॅमनं. आठवड्याला एजंट येतो, तयार माल जोखतो, उरलेली तार जोखतो, कपबशीत साठवलेली राख आणि मळीसुद्धा जोखून नेतो. जे कमी भरतं त्याला म्हणतात घट. ती घट बाईच्या मजुरीतनं कापतात. अक्का मुकाट्यानं कापून देत होती. "माझ्याकडनंच सांडत असंल," म्हणायची. संध्याकाळी पोरीला घेऊन फरशीवर बोटानं चाचपत बसायची, तारेचा कण सापडतोय का बघत.

मी नंतर तिचं रक्त तपासून आणलं. मुंबईत एका मोठ्या दवाखान्यात तिच्या केसपेपरवर तीनदा 'अशक्तपणा' लिहून दिलं होतं, लाल गोळ्या दिल्या होत्या. काय काम करतेस, हे तिला तिन्ही वेळा कुणी विचारलं नाही. मी खाजगी लॅबमध्ये पैसे भरले. शंभर मिलिलिटर रक्तात शिसं ५१ मायक्रोग्रॅम. सहा वर्षांच्या भाचीचं २८. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२१ साली सांगितलंय की ५ दिसले की कारण शोधा आणि ते बंद करा. आणि हेही सांगितलंय की शिशाची अशी कुठलीच मात्रा माहीत नाही जी निर्धोक आहे.

म्हणजे सांडलेली तार सापडली. फरशीवर नव्हती, अक्काच्या रक्तात होती. पोरीच्या रक्तात होती.

आणि तिचे पैसे शेठनं अक्काकडनंच वसूल केले होते. विष तिच्या अंगात गेलं आणि त्याची किंमतही तिनंच भरली. जगात कुठल्या सावकारानं असं व्याज लावलं असेल तर मला दाखवा.

पुस्तकी माणसं म्हणतील, एवढ्याशा तारेनं काय होतं? शिकून घ्या, आम्हीही शिकलो. नुसत्या तापलेल्या तारेतनं शिशाची वाफ फार उठत नाही. पण फुंकणीचा जाळ जोराचा लागला, मळी पुन्हा वितळवली, की धूर उठतो. आणि धुरापेक्षा वाईट ती धूळ. बोटाला लागते, बोटावरनं भाकरीला, लुगड्याला, उशीला. मोठ्या माणसाच्या पोटात गेलेल्या शिशातलं दहाव्या हिश्श्याच्या आसपास अंगाला लागतं, लहान पोराच्या निम्म्याच्या जवळपास. पोरगं उपाशी असेल, अंगात लोह, कॅल्शियम कमी असेल तर आणखी जास्त. म्हणजे विषालासुद्धा गरिबाचं पोट बरोबर कळतं. पोटात कळा, बद्धकोष्ठ, रक्त कमी, हिरडीवर निळसर काळी रेघ, मनगट लुळं, पोटातलं मूल पडणं. अक्काची दोन पडली. पोरांचं तर दिसतही नाही. पोरगं नुसतं मंद होतं. बाई शाळेत म्हणतात, ह्यांच्यात डोकंच कमी. तीन हजार वर्षं हेच म्हणत आले, आता त्यासाठी शिशाचीही मदत झाली.

रक्तातलं शिसं काम सोडल्यावर महिन्या-महिन्यानं उतरतं. पण बहुतेक हाडात जाऊन बसतं, आणि तिथं दहा-वीस वर्षं राहतं. बाई पुन्हा गरोदर राहिली की हाडातनं कॅल्शियम सुटतं, त्याबरोबर शिसंही सुटतं, आणि नाळेतनं बाळात जातं. जन्मानं मिळणारी एक गोष्ट आम्हाला ठाऊक होती, तिचं नाव जात. ही दुसरी.

करकंबहून पंढरपूर हाकेवर. तिथं देवळाच्या पायरीशी चोखोबाची समाधी आहे. १३३८ साली मंगळवेढ्याचं गावकूस बांधताना ते अंगावर कोसळून चोखोबा मेला, असं सांगतात. भक्तांनी त्याचा अभंग केला. मी गोदीतला माणूस, मला तो कामावरचा मृत्यू दिसतो. त्याला ना भरपाई, ना पंचनामा. सांगतात की ढिगाऱ्यातली चोखोबाची हाडं नामदेवानं ओळखली, कारण त्यातनं विठ्ठल विठ्ठल ऐकू येत होतं. विठ्ठलाला आम्ही १९५६ साली सोडून आलो. पण हाडं बोलतात हे खरं आहे. अक्काच्या हाडाला कान लावा. शिसं शिसं असं ऐकू येईल.

आता म्हणाल, एका बहिणीची गोष्ट घेऊन हा पोरगा रडतोय. बरं, जरा लांब बघू.

आमच्या शेजारच्या सांगोल्यापासून आटपाडी, खानापूर, तासगाव, कवठे महांकाळ, माण, खटाव, ह्या सगळ्या दुष्काळी तालुक्यांतली माणसं पिढ्यान्‌पिढ्या गलाईला जातात. केरळपासून पंजाबपर्यंत सराफकट्ट्याच्या मागच्या बोळात सोनं-चांदी गाळणारा माणूस मराठी असतो. ज्यांची दुकानं झाली त्यांनी गावी बंगले बांधले, चांगलं झालं. पण भट्टीपाशी बसणारं पोरगं बघा. तेजाबात चांदी विरघळताना तांबूस धूर उठतो तो त्याच्या छातीत. जुना दागिना मुशीत पडला की त्याच्या डागातला कॅडमियम उडतो. सराफाच्या पाटीवर तुम्ही केडीएम वाचलंय ना? तो हाच कॅडमियम. चांदी ९६१ अंशाला वितळते, कॅडमियम ७६७ अंशालाच उकळतो. म्हणजे चांदीचं पाणी होईपर्यंत विष हवेत गेलेलं असतं. संध्याकाळी पोराला थंडी वाजून ताप भरतो, छाती भरते. गावी कळवतात, मलेरिया झालाय. उरलेला कॅडमियम मूत्रपिंडात दहा-वीस-तीस वर्षं मुक्काम करतो. आणि झोपायला जागा कुठं? त्याच खोलीत, भट्टीच्या बाजूला. हेही घरच.

जपानात तोयामा इथं खाणीतला कॅडमियम जिंझू नदीतनं भातात आला. बायकांची हाडं खोकल्यानंही मोडायची. लोकांनी त्या रोगाला नाव दिलं इताई-इताई, म्हणजे दुखतं गं, दुखतं गं. बायकांच्या कण्हण्याचं नावच रोगाला. पण ते लोक लढले. १९६८ साली तिथल्या सरकारला कबूल करावं लागलं आणि १९७१ साली कोर्टानं कंपनीला दोषी धरलं. नायजेरियात झामफारा भागात घरांच्या अंगणात सोन्याचे दगड दळायचे, त्या दगडात शिसं होतं. २०१० साली तिथं चारशेच्या वर लेकरं मेली. घराच्या अंगणात. २०२० साली युनिसेफनं आकडा दिला की जगातल्या ८० कोटी पोरांच्या रक्तात ५ किंवा जास्त शिसं आहे, त्यातली साडेसत्तावीस कोटी भारतातली. ही साडेसत्तावीस कोटी कुणाची पोरं आहेत? मलबार हिलची?

ह्या देशात शुद्धतेचं फार कौतुक. १६ जून २०२१ पासून सोन्याला हॉलमार्क सक्तीचा झाला, २५६ जिल्ह्यांत एकदम सुरुवात झाली. गिऱ्हाइकाचं एक कॅरेट कमी भरता कामा नये. सोन्याला शिक्का आहे, मशीन आहे, इन्स्पेक्टर आहे. आणि रक्त? रक्ताच्या शुद्धतेवर ह्या देशानं पोथ्याच्या पोथ्या लिहिल्या, कुणाची सावली कुणावर पडू नये त्याचे नियम केले. त्या रक्तात शिसं किती ते तपासायची एक साधी सोय तालुक्याला नाही.

२०२४ साली मुंबई महापालिकेनं काळबादेवी-झवेरी बाजारात सोनं-चांदी वितळवणाऱ्या गाळ्यांची धुरांडी उतरवली. धूर वरच्या मजल्यावर जात होता म्हणून. बरोबर केलं. पण धुरांड्याच्या खालच्या टोकाला कोण बसला होता? त्याच्या नाकात तो धूर आधी गेला होता ना? आणि तिथल्याच गटारातला गाळ उपसून, तेजाब आणि पारा वापरून सोन्याचा कण शोधणारा घमेलावाला? त्याच्यासाठी कुठला वॉर्ड ऑफिसर आला? धूर वर गेला की ते प्रदूषण. खाली राहिला की तो रोजगार.

आता कायद्याचं बघू. १९४८ चा कारखाना कायदा. विजेवर चालणारं काम असेल तर दहा माणसं, नसेल तर वीस, तेव्हा कारखाना. २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्याच्या जागी नवी संहिता आली, तिनं ते वीस आणि चाळीस केलं. शिशाची विषबाधा तेव्हाही कळवायच्या रोगांच्या यादीत होती, आजही आहे. यादीत पहिल्याच नंबरला. पण कळवणार कोण? मालक? कोण मालक? एजंट म्हणतो मी फक्त पिशवी आणतो. शेठ म्हणतो ही बाई माझी कामगार नाही, ती घरी बसून आपल्या मर्जीनं करते. अक्काच्या खोलीत माणसं तीन, त्यातलं एक सहा वर्षांचं. म्हणजे तो कारखाना नव्हे. म्हणजे तिथं विष नव्हे.

मी गोदीत कंत्राटी आहे. माझी काही चैन नाही. पण माझ्या डोक्यावर फाटकं का होईना हेल्मेट आहे, आणि पायावर बंडल पडलं तर निदान नोंद करावी लागते. अक्काकडं नोंदच नाही. तिचं आजारपण कुठल्या कागदावर नाही. फक्त एका कागदावर आहे: एजंटाच्या वहीत, घटीच्या रकान्यात.

आणि ह्याच्यावर वरनं भाषणं. घरबसल्या रोजगार! भगिनींचं सबलीकरण! ताई, घर सांभाळून चार पैसे मिळवा! च्यायला, घर सांभाळून? घरातच तर तुम्ही विष सोडलंत. कारखान्याची जागा, भाडं, वीज, धुरांडं, इन्स्पेक्टर, दवाखाना, सगळ्याचा खर्च वाचवला आणि तो आमच्या खोलीत आणून टाकला. तुमचा नफा म्हणजे आमच्या घरात ढकललेला तुमचा खर्च आहे. त्याला तुम्ही सबलीकरण म्हणता, आमच्यात त्याला घट म्हणतात.

हे काही नवीन नाही. मनूनं चांडाळाला लोखंडाचेच दागिने लिहून दिले. पेशव्यांच्या राज्यात आमच्या आज्यांनी सोनं घातलं असतं तर काय झालं असतं ते सांगायला नको. म्हणून अंगावर कथील. १९२७ साली महाडला बाबासाहेब आमच्या बायांना म्हणाले होते की कथलाच्या पाटल्या आणि गळसऱ्या टाकून द्या, ती तुम्हाला ओळखायची खूण आहे. बायांनी टाकल्या. त्या दिवशी मनगटं मोकळी झाली. आणि आज? शिसं-कथील पुन्हा आमच्या दारात आलंय, पिशवीतनं, नगावर. आता ते मनगटावर नाही, मनगटाच्या आत गेलंय. पाटली काढून फेकता येते. हाडातलं कसं फेकायचं?

बाबासाहेबांनी १९३६ साली दाखवून दिलं होतं की जात म्हणजे नुसती कामाची वाटणी नव्हे, ती माणसांनाच वरखाली रचते. पुढं १९४२ ते १९४६ मजूर खात्याचे मंत्री असताना तेच कारखान्याच्या कामगारांचे तास कमी करायला झटले. कारखान्याच्या भिंतीच्या आत त्यांनी कायदा नेला. म्हणून भांडवलदारानं भिंतच पाडली आणि कारखाना आमच्या वस्तीत पसरून टाकला.

आता थोडं आपल्या लोकांना. कामगार पुढारी मला म्हणाला, "घरी काम करणाऱ्यांना संघटित करता येत नाही, कॉम्रेड." खोटं. सोलापुरात जाऊन बघ. घरात बसून विड्या वळणाऱ्या बायांसाठी १९६६ साली कायदा करावा लागला, ओळखपत्र द्यावं लागलं. त्याच बायांनी लाल बावट्याखाली भांडून घरांच्या वसाहती उभ्या केल्या. आणि मालक सापडत नाही म्हणणाऱ्याला सांग, १९६९ चा माथाडी कायदा वाच. हमालालाही एक मालक नव्हता. मंडळ केलं, व्यापाऱ्यावर लेव्ही बसवली, तिच्यातनं हमालाला फंड आणि दवाखाना मिळाला. पाठीला जे जमलं ते फुंकणीला का जमत नाही?

आणि आपण? दोस्तांनो, आपण मोर्चात पुढं असतो. कुठल्या गटाचा झेंडा वर, कुणाचं नाव पोस्टरवर आधी, ह्यावर रात्र रात्र भांडतो. पण आपल्याच गल्लीत, पत्र्याच्या दाराआड, निळा जाळ फुसफुसतोय आणि त्याच्या बाजूला लेकरू रांगतंय, ते आपल्याला दिसत नाही, कारण ते आपल्या आईचं काम आहे. मलाही नऊ वर्षं दिसलं नाही. मी अक्काच्या त्याच खोलीत जेवून, झोपून, विद्रोहावर कविता लिहीत होतो. ही घट माझ्याही नावावर मांडा.

मग काय करायचं? काम बंद करा म्हणणारा समाजसेवक मला नको. काम बंद केलं तर उद्या चूल बंद. मागण्या साध्या आहेत, पाठ करून ठेवा.

तार देणारा तो मालक. एजंट मधे असो नाहीतर दहा एजंट असोत, पहिल्या वजनकाट्याचा मालक तोच, त्याचं नाव वहीत. घट कापणं बंद. शिसं आणि कॅडमियम नसलेली झाळ त्यानं द्यायची, स्वतःच्या खर्चानं. फुंकणीसाठी वस्तीत वेगळी शेड, धूर ओढणारा पंखा, हात धुवायला पाणी, म्हणजे झोपायच्या खोलीतनं जाळ बाहेर जाईल. दागिन्याच्या व्यापारावर लेव्ही, माथाडीसारखं मंडळ. आणि तालुक्याच्या दवाखान्यात शिशाची रक्ततपासणी फुकट, केसपेपरवर पहिला प्रश्न: तुम्ही काय काम करता?

हे मिळेपर्यंत आपल्या हातातलं आपण करू. ह्या रविवारपासून प्रत्येक शाखेनं आपल्या वस्तीतली फुंकणीची घरं मोजायची. बायांना सांगायचं की झाडू मारू नका, धूळ उडते, ओल्या फडक्यानं पुसा. कामाचं लुगडं वेगळं, परात वेगळी, जेवायच्या आधी साबण. जाळ चालू असताना पोर खोलीत नको, ते शाखेत आणून बसवा, आपण सांभाळू. गूळ खाल्ला की विष उतरतं म्हणतात, ते खोटं. आणि प्रत्येक घराची एक वही करा. एजंट घट लिहितो ना, आपणही लिहू: किती तार आली, किती गेली, किती कमी भरली, कुणाचं पोट दुखलं, कुणाचं मूल पडलं.

अक्का आता करकंबला आयेजवळ आहे. भाचीला मी तिथल्या शाळेत घातलंय. काम सुटल्यामुळं तिचं रक्त उतरेल, हाडाचं माहीत नाही. निघताना एजंटाचा फोन आला होता. मागची घट बाकी आहे म्हणाला, चारशे रुपये.

मी त्याला म्हणालो, वही घेऊन ये. आम्हीही वही घेऊन बसलोय. बघू कुणाची बाकी कुणाकडं निघते.

जय भीम.